खांडीची कड

रोहा,
रविवार, दि. ४ मे २०२५

ती. रंभाबाय,

काळूचा नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक. नूतनचा गुडघा सोडला तर तक्रारीला जागा नाही, आणि गुडघ्याची तक्रार ती स्वतःच दिवसभर करत असते, म्हणून मी वेगळी लिहीत नाही. तुझ्या अंगठ्याचं कळलं. सुई धरवत नाही इतपत दुखत असेल तर नुसता बाम चोळत बसू नकोस. पेणला जाऊन दाखव.

दिपिका शुक्रवारी दुपारी आली. मी धाटावच्या कामगार पोरांच्या पँटी उंचीला कमी करत बसलो होतो. दारात कोणी बाई उभी आहे एवढं दिसलं, तसं मान वर न करताच मी सांगितलं, "ताई, लेडीज शिवत नाय." ती म्हणाली, "मामा, मी दिपिका."

सख्ख्या भाचीला गिऱ्हाईक समजलो. मागे पाहिली तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागली होती. आता चष्मा लागलाय आणि चेहरा थेट तुझा झालाय. नूतनने तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी मात्र तिच्यासमोर टेपच गुंडाळत बसलो.

मग तिने पिशवीतून ते तुमचं प्रकरण काढलं आणि कटिंगच्या टेबलावर पसरलं. टेबल पुरलं नाही. म्हणाली, आईने सांगितलंय, रोह्याला मामाकडेच दे, ही कड दुसऱ्या कोणाच्याने व्हायची नाही. बाय, दिपिकाच्या लग्नाचं बोलावणं सोडलं तर दहा वर्षांत तुझ्याकडून आलेला हा पहिला निरोप, आणि तोही कामाचा. तरी बरं वाटलं. फार बरं वाटलं, उगाच कमी करून लिहीत नाही.

आता तुमच्या बचत गटाच्या कामाविषयी. जन्मभर शर्ट-पँट शिवणाऱ्याला गोधडीतलं काय कळतं असं तुम्ही बायका म्हणाल. पण अख्ख्या गावाची खार, खाडीकाठची सगळी भातजमीन, कापडावर उतरवायची, आणि ज्याचं शेत त्याच्याच घरच्या जुन्या कापडाचा तुकडा तिथे लावायचा, ही अक्कल रोह्याच्या कुठल्या शिंप्याला सुचली नसती. मी टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. बाबांचं शेत लगेच सापडलं, आईच्या हिरव्या लुगड्यावरून. धावदोरा एकसारखा पडलाय. खारीतलं पाणी खाडीत सोडायची मोठी उघाडी, मिठागराचा कोपरा, चिंचेची वाट, सगळी नावं दोऱ्याने नीट भरली आहेत. दिपिका सांगत होती, खाडीचं पाणी अडवणारा नवा काठ बांधून पुरा झाला, गेल्या पावसाने जमिनीतलं मीठ धुतलं, यंदा अकरा वर्षांनी खारीत भात पडणार. पेरणीआधी २५ तारखेला गावजेवण आहे आणि त्या दिवशी हे समाजमंदिराच्या भिंतीवर लागायचंय.

चौकोनी गोधडी असती तर कड मारणं अर्ध्या दिवसाचं काम. इथे कड म्हणजे गावाचा काठ, आणि काठ गेलाय खाडी नेईल तसा. एक बाजू सरळ नाही. कुठे फुगलाय, कुठे दबलाय, मिठागराकडे तर साफ टोक काढलंय. तुम्ही सोबत पाठवलेल्या आठही पट्ट्या ताग्यातून सरळ फाडलेल्या आहेत. सरळ पट्टी वळणावर वळत नाही, अडून बसते. तिथे उरेब लागते, म्हणजे कापड तिरकं धरून कापलेली पट्टी. ती ओढली तर ताणते, दाबली तर बसते. उघाडीपाशी कोणीतरी सरळ पट्टी लावून पाहिलेली दिसली. तिच्या अशा चुण्या पडल्या होत्या, जशी बाळाच्या टोपड्याची झालर. कोणी लावली ते कळवू नकोस, मला अंदाज आहे. मी ती उसवली.

आजवर एवढं झालंय की तिन्ही थर सरकू नयेत म्हणून कडेने सगळीकडे कच्चा टाका घातला आणि बाहेर आलेले धागे कापून कड साफ केली. मोजायला टेप चालेना, म्हणून दोरा कडेवरून फिरवला आणि मग दोरा मोजला. तेवीस फूट भरला. पट्टीसाठी मातकट रंगाचं सुती कापड माझ्याकडचंच घेतलंय. काठ मातीचाच असतो, लाल-पिवळा बरा दिसणार नाही.

एकच विचारायचंय. पश्चिमेच्या बाजूला कड एकदम आत शिरते. नूतन निडीची, तिला खाडीचं काही ठाऊक नाही. तिने विचारलं, "इथं उंदरानं खाल्लंय का?" मग मी सांगितलं की उधाणाच्या पाण्याने काठ फुटतो त्याला खांड म्हणतात, आणि फुटलेल्या जागी पाणी इतका खोल डोह करतं की नवा काठ घालताना डोहाला वळसा घालून आतून न्यावा लागतो. तिथे तुम्ही खडूने नाव लिहिलेलं आहे, अर्धं पुसलेलं. बाकी सगळी नावं भरली, तेवढंच कोणी भरलेलं नाही. तिथे काय करायचं ते कळव. नुसती कड मारून सोडली तरी चालेल असं मला वाटतं. आतला कोपरा अवघड असतो, तो मी शेवटी घेईन.

नूतनचा नमस्कार. अंगठ्याला गरम पाण्याचा शेक दे.

तुझा भाऊ,
काळू


रोहा,
सोमवार, दि. १२ मे २०२५

ती. रंभाबाय,

काळूचा नमस्कार. कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेलं तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. अक्षर हललंय, पण तुझंच आहे. बरीच वर्षं झाली पाहून.

आधी कामाचं. पट्टी जवळजवळ सगळीकडे लागली. पुढून मशीनची टीप आणि मागे वळवून हाताने टाके, म्हणजे भिंतीवरून काढून कोणी उलटं करून पाहिलं तरी लाज जायची नाही. मिठागराच्या टोकावर पट्टीची घडी तीनदा उसवली आणि चौथ्यांदा बसवली. उघाडीची झालर आता गेली. वर टांगायला मागे कापडाचा बोगदा केलाय, त्यात वेताची काठी सरकवा. वरची बाजूसुद्धा वाकडी आहे, म्हणून बोगदा तीन तुकड्यांत केला. एका अखंड पट्टीत केला असता तर मधलं लोंबलं असतं. हे सगळं एवढं सांगतोय म्हणजे मी मोठा कारागीर आहे असं दाखवायचंय, हे तू ओळखलं असशीलच.

आता नावाचं. तू लिहिलंस, "गाव म्हणतो तेच टाक. महिपतीची खांड. खोटं कशाला लिहायचं? त्यांच्या राखणीच्या पाळीला काठ गेला हे काय कोणापासून लपलंय?"

बाय, दाजींचं नाव मी तिथे घालणार नाही. माझा हात दुखतो असं समज, नाहीतर मला भरतकाम येत नाही असं समज. दोन्ही थोडंथोडं खरं आहे. मी नुसतं 'खांड' एवढं भरतो. ज्याला जे म्हणायचं ते तो तोंडाने म्हणेल, भिंतीवर कशाला? तुझा नातू मोठा होऊन त्या समाजमंदिरात लग्नाच्या पंगतीला बसेल आणि समोर आजोबाचं नाव वाचेल, फुटलेल्या काठाशी. तुला ते बघवेल का?

आणि ते खोटं नाही असं तू लिहितेस याचंच मला जास्त लागलं. दिपिकाही म्हणाली की तू घरात कधी दाजींची बाजू मांडली नाहीस, आणि त्यांनीही कधी मांडू दिली नाही. कोणी काठाचा विषय काढला की ते उठून जायचे म्हणे.

मला दाजी आठवतात ते काठावरचेच. तुझं लग्न झाल्यावर मी तुझ्या घरी आलो की ते मला काठावर न्यायचे. उधाणाचे दिवस असले आणि त्यांच्या घरची पाळी असली की कमरेला कोयता लावून काठ तपासत चालायचे. खेकड्याचं बीळ दिसलं की थांबायचे. मला शिकवलेलं अजून पाठ आहे. शेताच्या बाजूला पाणी झिरपताना दिसलं तर आधी पाण्याचा रंग बघ. स्वच्छ असेल तर घाई नाही. गढूळ असेल तर काठाची माती आतून वाहत चाललीय. मग शेताकडून बुजवायचं नाही, कितीही सोपं वाटलं तरी. शेताकडून बुजवलं तर दिसायचं थांबतं, आत चालूच राहतं. खाडीकडे उतरायचं, छातीभर पाण्यात, पायाने चाचपून बिळाचं तोंड शोधायचं आणि तिथे चिखल आणि पेंढा कोंबायचा. ते स्वतः चिखलात उतरले की डोळे मिटून घ्यायचे. म्हणायचे, डोळे उघडे ठेवले की पायाला दिसत नाही.

अक्षतीचं एकदा लिहून टाकतो. दिपिकाच्या लग्नाचं बोलावणं फोनवर आलं, अक्षत द्यायला घरी कोणी आलं नाही, म्हणून मामा रुसला, असं सगळ्यांना सांगितलं. भाचीला मंडपात न्यायला मामा नव्हता, चुलतमामाने नेलं. बाय, मी अक्षतीचा भुकेला माणूस नाही. तू अक्षत घेऊन आली असतीस तर मी दुसरं काहीतरी काढलं असतं. एवढं तरी आज मान्य करतो.

तो खांडीचा दिवसही डोळ्यांपुढे आहे. आषाढातली अमावास्या, शनिवार. दिव्यांच्या पूजेला म्हणून मी आदल्या दिवशी आलो होतो. सकाळी दाजींना दिपिकाला घेऊन कॉलेजच्या ॲडमिशनला पेणला जायचं होतं आणि पाळी त्यांच्या घरची. मी म्हटलं, मी थांबतो, बारापर्यंत या. तू मला फडक्यात भाकरी बांधून दिलीस. मी काठावर गेलो. भरतीला अजून वेळ होता. बारा वाजता दाजी आले, मी निघालो आणि माझी गाडी गाठली. दीडला काठ गेला.

दुकानात गिऱ्हाईक आलंय. आता इथेच थांबतो.

तुझा भाऊ,
काळू


रोहा,
सोमवार, दि. १९ मे २०२५

ती. रंभाबाय,

हे पत्र तू स्वतः वाच. दिपिकाकडून वाचून घेऊ नकोस. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

मागच्या सोमवारी गिऱ्हाईक आलं असं लिहिलं. कोणी आलं नव्हतं. दुकान रिकामं होतं.

त्या दिवशी मी काठावर पोचलो तेव्हा पाणी खाली होतं. दहा-साडेदहाला वर यायला लागलं. आता जिथे खांड आहे तिथून पाच-सहा पावलांवर मला शेताच्या बाजूला पाणी दिसलं. बोटभर धार असेल. गढूळ. मला रंग कळला, बाय. दाजींनी शिकवलेला माणूस मी, मला न कळायला काय झालं होतं?

अंगावर नवी पँट होती. टेरिकॉटची, क्रीम कलरची, मी स्वतः शिवलेली. रोह्याला उतरलो की घरी न जाता थेट एका शाळेत जायचं होतं. तिथल्या गणवेशाचं काम मिळण्याची बोलणी होती आणि माणसाने कसं दिसावं याचा मला तेव्हा फार सोस होता. खाडीकडे उतरायचं म्हणजे छातीभर चिखल. मी काठावर उभा राहून विचार केला. फार वेळ नाही केला. पेंढ्याचा बोळा केला, शेताच्या बाजूने बिळात कोंबला, वर दोन ढेकळं टाकली आणि बुटाच्या टाचेने दाबून बसवली. धार थांबली. ती थांबणारच होती.

बाराला दाजी आले. त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, खाडीकडनं केलंस ना? आणि मग पँटीकडे बघितलं असतं. रोह्याला जाऊन शिंपी झाला आणि चिखलाला भ्यायला लागला, असं चारचौघांत हसले असते. त्या हसण्याला घाबरून मी म्हटलं, सगळं ठीक हाय दाजी. एवढंच म्हटलं. आणि ते माझ्या शब्दावर त्या बाजूला गेलेच नाहीत, उघाडीकडे गेले.

माझी गाडी कासूला थांबली असेल नसेल तेव्हा काठ फुटला असावा. मला संध्याकाळी फोनवर कळलं. गावाची दोनशे एकर खार पाण्याखाली गेली. लावणीला आलेली रोपं सगळी खारली. तू फोनवर रडत होतीस आणि सांगत होतीस की लोक दारात येऊन ह्यांना बोलतायत, पाळीला होते आणि झोपले होते म्हणतायत. मी तेव्हा म्हणालो, शांत हो. बाय, मी तुला शांत हो म्हणालो.

शाळेचं काम मला मिळालं. ती पँट मी पुढे चार वर्षं वापरली. चिखलाचा एक डाग नव्हता तिच्यावर.

त्या दिवाळीला भाऊबीजेला मी आलो, तुला आठवत असेल. तू ओवाळलंस, मी जेवलो, आणि दाजी धरमतरला बार्जवरच्या मजुरीला जातात हे ऐकून मान हलवली. तोपर्यंत गावात 'महिपतीची खांड' हे नाव पडलं होतं. शेजारचं पोर मला म्हणालं, खांडीवर मासे चांगले मिळतात. नाव घेऊन म्हणालं.

नंतर माघात एकदा दाजी माझ्या दुकानात आले. तुला ठाऊक नाही. एक पँट उंचीला कमी करायला आणली होती. मी माप घेतलं. चहा मागवला. ते चहा प्यायले आणि बशी खाली ठेवून म्हणाले, "काळू, पाणी ओसरल्यावर मी गेलो होतो. काठाचा एक मोठा तुकडा शेतात येऊन पडला होता. त्यात बीळ होतं. शेताकडनं पेंढा कोंबलेला आणि वर बुटाच्या टाचेची खूण. मी काठावर अनवाणी चालतो, तुला ठाव हाय."

मी खडूने उंचीची खूण करत राहिलो. हातात त्यांची पँट होती.

मग म्हणाले, "रंभाला सांगू नको. नवऱ्याला लोक बोलतात ते ती सोसंल. तिला भाऊ एकच हाय."

पँट घेतली आणि दुपारच्या गाडीने गेले. रागावले असते, शिवी दिली असती, कॉलर धरली असती तर मी आलो असतो तुझ्याकडे. पाय धरायला तरी आलो असतो. त्यांनी काहीच केलं नाही, म्हणून मला तुझ्या दारात उभं राहायचं बळ उरलं नाही. दर भाऊबीजेला नूतन विचारायची, आणि मी दर वर्षी नवं कारण शिवायचो. मग अक्षतीचं निघालं. ते सगळ्यात पक्कं बसलं.

दाजी गेल्याचं कळलं तेव्हा दहाव्याला निघालो होतो. कासूपर्यंत आलो. तिथे उतरलो आणि फलाटावर बसून राहिलो, आणि उलटी गाडी आली तशी तिच्यात बसून परत गेलो. घरी सांगितलं की सगळं व्यवस्थित झालं. पुढे तुला पत्र लिहायला घेतलं तर पाकिटावर तुझ्या नावाआधी 'गं. भा.' लिहायला हात होईना, म्हणून तेही राहिलं.

तू आता विचारशील, मग आजच का? मी गप्प बसून सुखाने मरू शकलो असतो. तू लिहिलंस ना, खोटं कशाला लिहायचं. ते वाचल्यापासून आठ दिवस मी ते कापड घडी घालून ठेवलं होतं. गुरुवारी नूतनला सगळं सांगितलं. वाटलं, ती चिडेल, रडेल. ती बराच वेळ गुडघा चोळत बसली. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माझं शेत नाय बुडलं." थोड्या वेळाने म्हणाली, "खडूनं लिहिलंय ना? मग पुसायला कितीसा वेळ लागतो?"

मी काल खडू पुसला. आधी आतला कोपरा केला. तिथे कडेत कात्रीने एक छेद द्यावा लागतो, त्याशिवाय पट्टी आत वळत नाही. कमी कापलं तर चुणी पडते, जास्त कापलं तर कापड तिथून उसवत जातं. शिवणीच्या दोन धागे अलीकडे थांबलो. मग कोपरा हाताने सरळ ताणून धरला आणि पट्टी लावली. चांगला बसलाय. इतक्या वर्षांत असा बसला नव्हता, पण त्याचं कौतुक आज मला नको.

मग नाव भरलं. 'काळुरामची खांड'. साखळी टाका आहे, वेडावाकडा. 'ळ' दोनदा चुकला. मागे गाठ पक्की मारली आहे. आता उसवायचं म्हटलं तर कापड फाटेल.

दाजींनी सांगू नको म्हटलं होतं. त्यांचा शब्द मी मोडतोय, त्याची माफी त्यांच्याकडे मागता येत नाही, ती मला तशीच बाळगावी लागेल. पण हिशेबाला बसलो की एकच गोष्ट मला गिळवत नाही. त्यांनी स्वतःचं नाव घालवलं ते तुझा भाऊ तुला राहावा म्हणून. आणि मी लाजेने यायचं थांबलो. म्हणजे त्यांनी अख्खा जन्म खर्चून जे तुझ्यासाठी राखलं, तेच मी तुझ्याकडून काढून घेतलं. काठ तरी चुकीने गेला असं म्हणता येईल. हे मी दहा वर्षं समजून-उमजून केलं.

कधी वाटतं, तुला हे ठाऊक असावं. दाजी बोलले नसतील, पण त्यांची पँट धुताना, त्यांचं गप्प बसणं बघताना, तू कधीतरी ओळखलं असशील, आणि म्हणूनच ते कापड दुसऱ्या कोणाकडे न देता माझ्याकडे धाडलं असशील. तसं असेल तर तू माझ्याहून फारच मोठी आहेस. तसं नसेल तर हे पत्र वाचून तुझं काय होईल, याचा विचार माझ्याने पुरा होत नाही. जवळ दिपिका असू दे.

२५ तारखेला सकाळच्या गाडीने मी येतोय, ते कापड घेऊन. नूतनही येतेय, गुडघ्यासकट. जेवणं सुरू व्हायच्या आधी समाजमंदिरात उभा राहून मी गावाला सगळं सांगणार आहे. पेंढा, टाच, पँट, सगळं. त्यासाठी तुझी परवानगी मागत नाही. मागितली तर तू नको म्हणशील आणि मी लगेच ऐकेन. मी स्वतःला चांगला ओळखतो. लोक काय करायचं ते करतील. मारतील असं वाटत नाही, म्हातारे झालेत सगळे. जेवायला बसवणार नाहीत, तर नाही बसवणार.

त्या लोकांत दाजींना दारात येऊन बोललेली माणसं असतील. ती मान खाली घालतील, तेव्हा तू घालू नकोस. तू समोर बस.

सांगून झाल्यावर मी तुझ्या घरी यायचं की तसंच पेण स्टेशनला जायचं, ते तू ठरव. आधी कळवू नकोस. नाही म्हणालीस तर मी येण्याआधीच खचेन आणि ये म्हणालीस तर गावासमोर बोलताना मला सोपं जाईल. दोन्ही मला नको. तोंडावर सांग, गावासमोर सांगितलंस तरी चालेल.

आधीच्या दोन्ही पत्रांखाली 'तुझा भाऊ' लिहून सही केली. लिहिताना हक्काचं वाटलं होतं. आज ते दोन शब्द लिहीत नाही, ते तुझ्याकडे राहू देत.

काळुराम